सगळ्या रागांचा बिलावल

संगीताचं नियतकालिक काढणं हा मुळातच उफराटा उद्योग. ऐकायची गोष्ट बघायला द्यायची. पाककृतींच्या अंकात बाकरवडीचा फोटो पाहून निदान तोंडाला पाणी सुटतं. मारव्याचा फोटो कुठून आणणार? मग ऐकू न येण्याची भरपाई सजावटीत होते. मुखपृष्ठावर सरस्वती येते, सरस्वतीमागोमाग मोर येतो, मोरामागोमाग कमळ येतं आणि उरल्यासुरल्या जागेत पाश्चात्त्य नोटेशनमधले शेपटीवाले काळे ठिपके उडत असतात. ज्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणी त्या ठिपक्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्याच्या विशेषांकावरही ते न चुकता हजर.

आमच्या गावच्या संगीत मंडळाची स्मरणिका अशीच निघायची. उत्सवाच्या दिवशी, जाहिराती मागे आणि शुभेच्छा पुढे. यंदा कार्यकारिणीनं ठराव केला की स्मरणिका बंद, आता रीतसर त्रैमासिक. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ‘संगीत कला विहार’ १९४७ साली सुरू झालं, हाथरसचं ‘संगीत’ तर १९३५ सालीच. मग आपणच काय घोडं मारलंय? हाथरसचं मासिक काढणारे प्रभुलाल गर्ग म्हणजेच हिंदीतले विनोदी कवी काका हाथरसी, ही माहिती ठराव मंजूर झाल्यावर कोणीतरी दिली. आधी दिली असती तर मंडळी जरा सावध झाली असती.

नावाबद्दल फार बोलत नाही. शीर्षक दिल्लीहून मंजूर करून घ्यावं लागतं, आणि ‘स्वर’, ‘सूर’, ‘नाद’, ‘लय’ यांच्यापुढे मराठी माणसाला जे जे चिकटवता येतं ते ते कोणीतरी आधीच चिकटवून ठेवलेलं असतं. ते प्रकरण चालू आहे. तोवर ‘खासगी वितरणासाठी’ असं छापून वेळ मारून नेली आहे.

खरी मजा पुढे. सेक्रेटरींची पुतणी पुण्याहून ग्राफिक डिझाइन शिकून आलेली. घरचीच मुलगी, पैसे मागणार नाही, म्हणून मांडणीचं काम एकमतानं तिच्याकडे गेलं. तिनं स्मरणिकेचे जुने अंक चाळले, एक मिटला, पुन्हा उघडला आणि विचारलं, ‘‘काका, ह्यात वाचायला सुरुवात कुठून करायची?’’

अध्यक्ष, म्हणजे आमचे बुवा, म्हणाले, ‘‘कुठूनही कर. सगळं सारखंच महत्त्वाचं आहे.’’

‘‘तेच तर. सगळंच मोठ्या टायपात आहे, म्हणून काहीच मोठं दिसत नाहीये.’’

मग तिनं कार्यकारिणीला प्राथमिक धडे द्यायचं मनावर घेतलं. तिच्या मते पानावर एक गोष्ट आधी दिसावी, दुसरी मग, तिसरी त्यानंतर. हे तत्त्व सगळ्यांना पटलं. आधी कोण, एवढाच प्रश्न उरला. गायक आधी की त्याचे गुरू? गुरू हयात नसतील तर? संवादिनीच्या साथीदाराचं नाव तबल्याच्या साथीदाराच्या वर की शेजारी? अकारविल्हे लावू या, असा तोडगा निघाला तेव्हा ज्यांचं आडनाव ‘क्ष’वरून आहे त्या सभासदांनी पाणी मागवलं.

दुसरा धडा मोकळ्या जागेचा. पानाच्या चारी बाजूंना समास सोडा, शीर्षकाच्या वर हवा राहू द्या, फोटो आणि मजकूर एकमेकांना खेटू देऊ नका. आता ही मंडळी कोण, तर आयुष्यभर गाणं ऐकलेली. बैठकीत गवई समेवर येऊन क्षणभर थांबला तर यांच्या माना डोलतात, ‘वा’ निघते. पण पानावर दोन इंच कोरे दिसले की जीव तिळतिळ तुटतो. खजिनदारांनी हिशेब मांडला: पाव पानाच्या जाहिरातीचे दोन हजार, आणि ही मुलगी प्रत्येक पानावर पाव पान हवेला देते आहे. हवेकडून वसुली कोण करणार?

‘‘काका, वाचकाला श्वास घ्यायला जागा हवी.’’

‘‘श्वास कुठे घ्यायचा ते आम्ही चाळीस वर्षं शिकवतोय,’’ बुवा म्हणाले. ‘‘त्याला कागद लागत नाही.’’

हा तिढा सोडवला तो तबल्याच्या मास्तरांनी, तेही नकळत. पोरीनं लॅपटॉपवर कोरं पान उघडलं. त्यावर फिकट निळ्या उभ्या रेघा. म्हणाली, हा ग्रिड, बारा कॉलमांचा. बुवा दचकले. एका पानावर बारा कॉलम? अंकाबरोबर भिंग द्यायचं का? तिनं समजावलं की मजकूर काही बारा उभ्या पट्ट्यांत घालायचा नसतो. बाराचे दोन भाग पडतात, तीन पडतात, चार पडतात, सहाही पडतात. मुलाखत सहा-सहाच्या दोन घरांत बसवा, परीक्षणं चार-चारच्या तीन घरांत, कार्यक्रमांच्या नोंदी तीन-तीनच्या चार घरांत; फोटो आठ घरांचा, तर शेजारची चौकट चारची. पान बदललं तरी माप तेच, म्हणून सगळा अंक एका हातचा वाटतो. मास्तर मागच्या खुर्चीत मांडीवर ठेका धरून बसले होते. त्यांचा हात थांबला.

‘‘म्हणजे एकताल म्हण की, बाळ!’’

बारा मात्रा, दोन-दोनचे सहा विभाग. मास्तर खुर्ची ओढत पुढे आले आणि त्यांनी पडद्यावर बोटानं मात्रा मोजल्या. सगळं जमलं, पण एक गोष्ट खटकली. ‘‘आणि खाली कुठाय? एकतालात तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर खाली असते.’’

पोरगी हुशार. ती म्हणाली, ‘‘तिथे मोकळी जागा सोडू या, मास्तर.’’

ठराव एकमतानं मंजूर. हवेसाठी पाव पान द्यायला तयार नसलेले खजिनदार खालीसाठी गप्प बसले, कारण तालाला नाही म्हणायची आमच्या मंडळात कोणाची छाती नाही. या एका सभेनंतर मास्तर ग्रिडचे इतके कट्टर झाले की प्रूफ आलं की ते फूटपट्टी घेऊन बसतात आणि ‘‘हा फोटो साडेसात मात्रांवर आलाय, सम कुठे गाठणार?’’ असं विचारतात. पोरीला पुण्यात शिकवलेल्या कोणाही प्राध्यापकाला असा विद्यार्थी मिळाला नसेल.

फोटोंचं प्रकरण मात्र तालात बसत नाही. गवयाचा फोटो काढणं ही अवघड गोष्ट आहे. तोंड मिटलेलं असताना काढला तर तो गात नाही, नुसता बसलाय असं वाटतं. आणि ऐन तानेत काढला तर वाचकाला वाटतं दाढ काढायला आणलंय. ऐकताना जो क्षण स्वर्गीय असतो तोच नेमका कॅमेऱ्यात बघवत नाही. त्यामुळे निवड नेहमी तंबोरा जुळवतानाच्या फोटोवर येते. आमच्या संग्रहात डझनांनी मोठमोठे कलाकार आहेत, आणि सगळे तंबोरेच जुळवतायत. मिरज जवळ असल्याचा हाही एक परिणाम.

त्यात नियम असा की फोटोतला माणूस पानाच्या आत बघणारा हवा. बाहेर बघत असेल तर वाचकाची नजरही त्याच्याबरोबर अंकाबाहेर जाते. नियम चांगला आहे. पण छापखान्यातल्या ऑपरेटरनं तो अर्धाच ऐकला आणि बाहेर बघणाऱ्या कलाकारांना बटण दाबून आत वळवलं. फोटो आरशासारखा उलटला. मागच्या फलकावरची अक्षरं उलटी झाली, म्हणून त्यानं फलक कापून टाकला. आता पुरावा उरला नाही. उरले फक्त डाव्या हातात नखी घालून सतार छेडणारे उस्ताद, आणि दायाँ डावीकडे, बायाँ उजवीकडे ठेवून बसलेले तबलावादक. घरच्या कोणाला ओळखू आलं नसतं, पण मास्तरांनी पाहिलं आणि त्यांचा आवाजच बसला. जिमी हेंड्रिक्स खरोखर डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा; त्याचा फोटो आमच्या ऑपरेटरच्या हाती लागला असता तर त्याला एका क्षणात सरळ मार्गाला लावला असता. तेव्हा हा नियम पक्का लक्षात ठेवा: वादकाचा फोटो कधीही उलटवू नये. पान बदला, डावीकडचं उजवीकडे न्या, हवं तर कलाकार बदला. पण आरसा नको.

फोटो कापण्यावरूनही वादंग झालं. पोरीनं अमेरिकेतल्या ‘ब्लू नोट’ या जॅझ कंपनीची रेकॉर्ड-वेष्टनं दाखवली. ती करणारा रीड माइल्स फ्रान्सिस वुल्फच्या फोटोंना बेधडक कात्री लावायचा. कुठे वादकाचं कपाळ गायब, कुठे अर्धा चेहरा आणि बाकी नुसती अक्षरं. गंमत म्हणजे माइल्सला जॅझची फारशी आवड नव्हती, तो पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकणारा. निर्माता अल्फ्रेड लायन रेकॉर्ड कशी आहे ते त्याला सांगायचा आणि तो वेष्टन करायचा. तरी ती वेष्टनं आजही कोणी विसरलेलं नाही. आमच्या बुवांनी ती नीट पाहिली, मग स्वतःच्या फोटोचं प्रूफ पाहिलं, त्यात फेट्याचा तुरा कापलेला होता. ‘‘तो जॅझवाला असेल. आमच्यात गुरूचं डोकं कापत नाहीत.’’ तुरा परत आला. तुऱ्याबरोबर मांडवाची झालर, पंखा आणि ट्यूबलाइटही आली.

फोटो येतात ते व्हॉट्सअॅपवरून, आठ जणांच्या मोबाइलमधून फिरून, प्रत्येक मुक्कामाला थोडेथोडे झिजत. छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात. आमच्याकडे येणाऱ्या फोटोत कलाकार मोजून तेवढ्याच ठिपक्यांचा असतो. जाहिरातींची तऱ्हा त्याहून वरची. अर्ध्या पानाची जाहिरात म्हणजे व्हिजिटिंग कार्डाचा फोटो आणि खाली सूचना, ‘हेच मोठं करा’. कार्ड टेबलावर ठेवून काढलेला असतो, त्यामुळे सराफांच्या जाहिरातीला चहाच्या कपाची कड फुकट मिळते.

अक्षरांच्या धड्याला मात्र सगळे उत्साहानं आले, कारण अक्षर आपल्याला कळतं असा प्रत्येकाचा समज असतो. लेख तीन युगांतून येतात. काही हातानं लिहिलेले. ते सगळ्यांत बरे. काही श्रीलिपीत टाइप केलेले. ते दुसऱ्या संगणकावर उघडले की बंदिशीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं दिसतात, आणि युनिकोडमध्ये आणताना रफार गळतो. ‘गंधर्व’चे ‘गंधव’ होतात, ‘पूर्वी’ थाटाचा ‘पूवी’. तिसरे लेख मोबाइलला तोंडी सांगितलेले. त्यांत मींडचं मेंढरू होतं आणि गमकचं नमक. आणि ओळी? देवनागरीला डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि पायाशी उकार, ऋकार. इंग्रजीच्या मापानं ओळी लावल्या की वरच्या ओळीचे पाय खालच्या ओळीच्या डोक्यावर येतात. पोरीनं ओळींमधलं अंतर वाढवलं, तशी पानं वाढली, तसे खजिनदार पुन्हा जागे झाले.

पानं वाढतात तीही एकेक नाही. मधोमध पिना मारलेल्या अंकात पानं चाराच्या पटीतच वाढतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. एक लेख अर्धं पान लांबला तर साडेतीन पानं मोकळी पडतात. हे शास्त्र मंडळात कोणाला ठाऊक नव्हतं, पण गावातल्या कवींना कसं कोण जाणे, आधीपासून ठाऊक असावं. वाढीव कागदाची बातमी बाहेर जायच्या आत कविता येऊन पडतात.

फॉन्टचा अतिरेक नको हे सांगताना पोरीनं ‘रे गन’ची गोष्ट सांगितली. हे अमेरिकेतलं रॉक संगीताचं मासिक, १९९२ सालचं; डेव्हिड कार्सन त्याचा कलादिग्दर्शक. १९९४ मध्ये ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत कार्सनला इतकी रटाळ वाटली की त्यानं ती ‘झॅप्फ डिंगबॅट्स’ या फॉन्टमध्ये लावून दिली. त्या फॉन्टमध्ये अक्षरंच नाहीत. चांदण्या, बाण, कात्र्या आणि फुल्या. मुलाखत छापली, आणि त्या पानांवर वाचायची कोणालाच सोय नाही. पोरीनं हे धोक्याची सूचना म्हणून सांगितलं होतं. सेक्रेटरींनी हळूच विचारलं, ‘‘अध्यक्षीय मनोगतापुरता तो फॉन्ट मिळेल का गं?’’

नावाच्या अक्षरांचाही विषय निघालाच. जुन्या मंडळींना कमल शेडगे आठवले. नाटकाच्या जाहिरातीत त्यांनी रेखाटलेलं नाव पाहूनच नाटकाचा बाज कळायचा. बुवांची अपेक्षा अशी की आपल्या नावातल्या ‘र’ची वळणं मल्हाराच्या आंदोलनासारखी यावीत. पोरीनं उलट उदाहरण दिलं: सॅन फ्रान्सिस्कोत १९६७ साली ‘रोलिंग स्टोन’ निघालं तेव्हा त्याचं नाव पोस्टर-चित्रकार रिक ग्रिफिननं रेखाटलं, आणि त्याच्या मते ते अजून कच्चंच असताना संपादकानं उचलून छापलं. आमची अडचण वेगळी. आमचं रेखाटन पक्कं आहे, नाव कच्चं आहे.

आता स्वरलेखन. संगीताच्या अंकात हे एकच पान असं की ज्यातून खरोखर गाणं ऐकू येऊ शकतं, म्हणून त्यावर सगळ्यांचा डोळा. पहिल्या अंकासाठी बुवांनी स्वतः लेख दिला: भातखंड्यांचे दहा थाट आणि प्रत्येकातली एक बंदिश. भातखंडे पद्धतीच्या खुणा थोड्या आणि सुटसुटीत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. बुवांनी रात्र जागून एकेक रेघ तपासली आणि मजकूर छापखान्यात गेला.

ऑपरेटर कामाला स्वच्छ. त्यानं फाइल उघडली तर जिकडेतिकडे रेघा. त्याला वर्डची सवय. अक्षराखाली रेघ आली म्हणजे तिथे काहीतरी चुकलंय. त्यानं सगळा मजकूर निवडला, फॉरमॅटिंग पुसून टाकलं आणि अभिमानानं फोन केला, ‘‘साहेब, लई चुका होत्या. सगळ्या काढल्या.’’

प्रूफ आलं. बुवांनी चष्मा लावला आणि तोडी गुणगुणायला घेतली. रिषभ शुद्ध, गंधार शुद्ध, धैवत शुद्ध. त्यांचा चेहरा बदलला. भैरवी पाहिली: शुद्ध. यमन पाहिला: मध्यम शुद्ध. भातखंड्यांच्या पद्धतीत सगळे स्वर शुद्ध असलेला थाट बिलावल. एका बटणात ऑपरेटरनं दहाच्या दहा थाटांचा बिलावल केला होता. संगीताच्या इतिहासात घराण्यांचं इतकं एकमत कधी झालं नसेल.

यातून जे वाचलं ते मुद्रितशोधनाला गेलं. आमच्या मुद्रितशोधक बाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि अनुच्चारित अनुस्वार हा त्यांचा जुना वैरी. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी जे अनुस्वार गेले ते पुन्हा घुसू द्यायचे नाहीत, हे त्यांचं व्रत. ‘सां’, ‘रें’, ‘गं’ वरची टिंबं त्यांनी लाल पेनानं एकेक करून टिपली. तार षड्ज जिथे होता तिथून एक सप्तक खाली उतरला. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि पुढे संगीताची पुस्तकं छापायला स्वतःचा छापखानाही काढला. तो का काढला असेल, हे त्या दिवशी सगळ्या कार्यकारिणीला एकदम समजलं.

उपाय पोरीनंच शोधला, आणि तो खरोखर देखणा आहे. युनिकोडमध्ये वेदांच्या ऋचा छापण्यासाठी स्वरांच्या खुणा दिलेल्या आहेत: अक्षराखाली आडवी रेघ, अक्षरावर उभी रेघ. कोमल आणि तीव्रला त्या चपखल बसतात. मुख्य म्हणजे त्या अक्षरांचाच भाग असतात, वरून केलेली सजावट नव्हे; कोणी कितीही फॉरमॅटिंग पुसलं तरी तोडीची तोडीच राहते. ज्या फॉन्टमध्ये या खुणा आहेत असा फॉन्ट तेवढा निवडायला हवा. बाईंसाठी वेगळा उपाय केला: स्वरलेखनाच्या पानावर मोठ्या अक्षरात ‘हे मराठी नाही’ असं लिहून पाठवायचं.

रंगांचं सांगायचं राहिलं. पडद्यावर जो राणी रंग दिसतो तो कागदावर येत नाही, कारण पडदा प्रकाशाचे तीन रंग मिसळतो आणि छापखाना शाईचे चार. मुखपृष्ठावरच्या गायिकेची पैठणी वांग्याच्या रंगाची छापली गेली. त्यांचा फोन आला, तो सेक्रेटरींनी घेतला, पुढचं त्यांनाच विचारा.

अंक छापून आला आहे. चांगला झाला आहे. स्मरणिकेपेक्षा तर खूपच. पुढच्या अंकासाठी वाचकांना एवढीच विनंती. फोटो पाठवाल तर व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि ते सरळ आहेत ना, हे तबलजीकडे बघून तपासा. जाहिरातीचं कार्ड पाठवाल तर आधी चहाचा कप बाजूला घ्या. बंदिश पाठवाल तर हातानं लिहून, कोमल स्वरांखालच्या रेघा लाल शाईनं मारून. आणि कविता कृपया पाठवू नका. तिसरा अंकसुद्धा भरलेला आहे.